जुन्या नोंदी वाचण्यासाठी संगणकातला संगणक

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे वर्ष मेट्टूर धरणाच्या पाण्याबरोबर सुरू होते. प्रथेप्रमाणे १२ जून हा धरणाचे दरवाजे उघडण्याचा दिवस. पाणी वेळेवर आले की तंजावर परिसरात प्रथम कुरुवै, नंतर सांबा आणि कुरुवैनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत ताळडी, असे भाताचे हंगाम एकमेकांत गुंतून येतात. शेतात भात दीर्घकाळ उभा राहत असल्याने तपकिरी तुडतुडे, पिवळा खोडकिडा व पाने गुंडाळणारी अळी यांनाही अन्न मिळत राहते. म्हणूनच येथे प्रकाश सापळ्याच्या रात्रवार नोंदींना मोठे महत्त्व आहे. एका हंगामाची नोंद त्या हंगामापुरती उपयोगी पडते. दहा-पंधरा वर्षांची सलग नोंद मात्र किडीची चाल सांगते.

गेल्या सांबा हंगामात अशाच कामासाठी मी तंजावरला गेले होते. पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातील प्रकाश सापळ्याच्या जुन्या नोंदी तेथील नोंदींशेजारी ठेवून तुडतुड्यांच्या चढउताराची तुलना करावी, असा बेत होता. आमच्याकडील नोंदी माझ्या आधीच्या पिढीतील सहकाऱ्यांनी डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोत भरलेल्या होत्या. पेन ड्राइव्हमध्ये फाइली होत्या, त्या वाचणारी आज्ञावली होती, नवा लॅपटॉपही होता. परंतु आज्ञावली काही उघडेना. १६ बिटची जुनी आज्ञावली ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, ही साधी गोष्ट प्रवासाला निघण्यापूर्वी तपासता आली असती. ती मी तपासली नव्हती.

या अडचणीतून बाहेर पडण्यासाठी एका संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या निरनिराळ्या आज्ञावल्या आम्हांला वापरून पाहाव्या लागल्या. कीटकशास्त्राच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्या कृषी विज्ञान केंद्रांत, तालुका कार्यालयांत आणि शेतकरी गटांच्या कपाटांत अशा किती फाइली पडून आहेत, हे आठवले तर तसे वाटणार नाही.

मोडीचे रुमाल आणि फॉक्सप्रोच्या फाइली

तंजावरला मराठ्यांची राजवट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांपासून सुरू झाली आणि १८५५ पर्यंत राहिली. सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. या राजवटीचे मोडी कागद आजही तंजावरमध्ये जतन केलेले आहेत. त्यांत खर्चाचे हिशेब आहेत, पत्रव्यवहार आहे, रोजच्या कारभाराच्या नोंदी आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी वाचणारा माणूस शेजारी नसेल, तर आपल्यासारख्या मराठी माणसालाही त्यातून काही कळत नाही. याउलट बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा विस्तृत मराठी लेख देवनागरीत आहे. त्याची भाषा जुनी असली, तरी अक्षर लावता येते.

आमच्या फाइलींची स्थिती मोडीच्या रुमालांसारखीच होती. माहिती नष्ट झालेली नव्हती. तिचा वाचक हरवला होता.

तसे पाहता फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडते. आम्हीही ती उघडली. अंकांचे रकाने समोर आले. परंतु त्यांची शीर्षके के-१, के-२, के-३ अशी होती. कोणता रकाना कोणत्या किडीचा, हे फाइलीत लिहिलेले नव्हते. ते नोंद भरण्याच्या पडद्यावर होते आणि पडदा आज्ञावलीत होता. शेवटच्या रकान्यात काही ठिकाणी ९ हा अंक दिसत होता. तो अंक एखाद्या किडीचा असावा, असे मी प्रथम धरून चालले होते.

पुढे आज्ञावली चालू झाल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. ज्या रकान्याला मी तपकिरी तुडतुडे समजत होते, तो हिरव्या तुडतुड्यांचा होता. आणि शेवटच्या रकान्यातील ९ चा अर्थ होता, 'दिवा बंद'. वीज नसलेल्या रात्री सापळा पेटलाच नव्हता; त्या रात्रीच्या सर्व किडींच्या रकान्यांत मात्र शून्य दिसत होते. किडी आल्या नाहीत म्हणून आलेले शून्य आणि दिवा लागला नाही म्हणून आलेले शून्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भरपावसात वीज वारंवार जाते आणि तुडतुड्यांची वाढही त्याच सुमारास सुरू होते. त्या रात्री शून्य धरून सरासरी काढली असती, तर किडीचा चढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला असता आणि त्यावरून दिलेला सल्ला शेतकऱ्याच्या बांधावर उशिरा पोहोचला असता.

यावरून एक गोष्ट मनावर ठसली. फाइल उघडली म्हणजे नोंद वाचता आली, असे नाही.

आभासी संगणक म्हणजे काय

भाताचे तपकिरी तुडतुडे प्रयोगशाळेत वाढवताना आपण टीएन-१ या बळी पडणाऱ्या वाणाची रोपे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. आतल्या किडीला रोप, ओलावा, उजेड हे सर्व मिळते. बाहेरच्या शेताशी तिचा संबंध येत नाही. आभासी संगणकाची रचना अशीच असते. आपला खरा संगणक हा यजमान. त्यात एक आज्ञावली आतल्या प्रणालीसाठी प्रोसेसर, मेमरी, डिस्क व पडदा यांचे सोंग उभे करते. आतली प्रणाली ही पाहुणी. आपण स्वतंत्र संगणकावर चालत आहोत, अशीच पाहुणीची समजूत असते. यजमानाच्या दृष्टीने तिची संपूर्ण डिस्क म्हणजे एक मोठी फाइल असते. ही फाइल नकलता येते, दुसऱ्या संगणकावर नेता येते आणि नको असल्यास पुसूनही टाकता येते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने ती मोठ्या संगणकांसाठी १९६० च्या दशकात विकसित केली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ती टेबलावरच्या संगणकात आणली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिची सोय केल्यावर पाहुणी प्रणाली जवळजवळ मूळ वेगाने चालू लागली.

आधी सोपे उपाय पाहावेत

पहिली फवारणी करण्यापूर्वी आपण किडीची आर्थिक नुकसानीची पातळी तपासतो. त्याचप्रमाणे आभासी संगणक बसवण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, हे पाहावे.

फक्त डॉसची आज्ञावली चालवायची असेल, तर डॉसबॉक्स हे छोटे विनामूल्य साधन अनेकदा पुरेसे ठरते. ते मुळात जुन्या खेळांसाठी तयार झाले, पण साध्या आज्ञावल्याही त्यावर चालतात. लिनक्सवर एखादी विंडोजची आज्ञावली हवी असेल, तर वाइन वापरून पाहावे. त्यासाठी विंडोजची गरज लागत नाही. मात्र प्रत्येक आज्ञावली त्यावर चालतेच असे नाही. विंडोजवर लिनक्सच्या आज्ञा तेवढ्या हव्या असतील, तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल ही सोय आहे.

चौथा मार्ग एकाच संगणकावर दोन प्रणाली शेजारी बसवण्याचा. तमिळनाडूत २०११ पासून विद्यार्थ्यांना विनामूल्य दिलेल्या लॅपटॉपांत विंडोज आणि चेन्नईच्या सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स अशा दोन्ही प्रणाली असत. हा मार्ग वेगाच्या दृष्टीने चांगला, परंतु एका वेळी एकच प्रणाली चालते आणि दुसरीकडे जायचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय डिस्कचे भाग पाडताना चूक झाली, तर असलेली माहितीही जाऊ शकते.

आमचे काम यांपैकी एकाही मार्गाने पूर्ण झाले नसते. सापळ्याशेजारील हवामान नोंदयंत्रातून तापमान व आर्द्रता उतरवून घेणारी आज्ञावली फक्त विंडोज एक्सपीवर चालणारी होती आणि ते यंत्र यूएसबीच्या तारेने जोडावे लागे. ३२ बिटची एक्सपी १६ बिटच्या डॉस आज्ञावल्याही चालवते. म्हणून एकाच आभासी एक्सपीत दोन्ही कामे करावीत, असे ठरले. एक्सपीची मूळ सीडी आणि परवाना क्रमांक आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जपून ठेवलेला होता.

चार पर्यायांची तुलना

आमच्याजवळ तीन संगणक होते. माझा विंडोज ११ होमचा लॅपटॉप, कामाच्या ठिकाणचा विंडोज प्रोचा संगणक आणि तेथील सहकाऱ्याचा लिनक्सचा लॅपटॉप. यांवर चार पर्याय पाहिले.

व्हर्च्युअलबॉक्स. जर्मनीतील इनोटेक कंपनीने २००७ मध्ये हे खुले केले. पुढे ते सन आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही यजमानांवर ते चालते. त्याचा मूळ भाग मुक्तस्रोत आहे. त्याला जोडून मिळणारा एक्स्टेन्शन पॅक मात्र वैयक्तिक व शैक्षणिक वापरासाठीच विनामूल्य असून संस्थेच्या अन्य कामासाठी परवाना घ्यावा लागतो. कार्यालयांनी हा भेद ध्यानात ठेवावा. पडद्यावरील सूचना सोप्या आहेत, जुन्या पाहुण्या प्रणाली ते सांभाळून घेते आणि यूएसबीला जोडलेले यंत्र पाहुणीच्या स्वाधीन करता येते. आमचे नोंदयंत्र यात पहिल्याच दिवशी ओळखले गेले. वेग सर्वांत जास्त नाही, पण आपल्या कामाला पुरतो.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. अनेक वर्षे हे विकत घ्यावे लागे. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर मे २०२४ मध्ये ते वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक वापरासह सर्वांसाठी विनामूल्य झाले. विंडोज व लिनक्स यजमानांवर ते चालते. मॅकसाठी फ्यूजन हे त्याचे भावंड आहे. पडदा गुळगुळीत चालतो, यूएसबीची जोडणी भरवशाची आहे. उतरवून घेण्यासाठी ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर खाते काढावे लागते. ते मुक्तस्रोत नाही, त्यामुळे आजची अट उद्या बदलू शकते, ही जाणीव ठेवून ते वापरावे.

हायपर-व्ही. मायक्रोसॉफ्टचे हे साधन विंडोजच्या प्रो आणि एंटरप्राइज आवृत्त्यांत आधीच असते. फक्त सुरू करावे लागते. होम आवृत्तीत ते दिलेले नाही, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर तो पर्यायच नव्हता. नव्या विंडोज किंवा लिनक्स पाहुण्यांसाठी ते वेगवान आणि स्थिर आहे. मात्र यूएसबीचे कोणतेही यंत्र थेट पाहुणीला देण्याची सोय त्यात नाही, आणि एक्सपीसारख्या जुन्या पाहुण्यांशी त्याचे फारसे जमत नाही. आमच्या कामाला ते येथेच बाद झाले. आणखी एक गोष्ट. हायपर-व्ही सुरू असलेल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स चालवले, तर ते मंदावते आणि खालच्या पट्टीत कासवाचे चित्र दिसते. संगणक जुना झाला, असे समजण्यापूर्वी हे कासव शोधावे.

केव्हीएम. हे २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. फॅब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेल्या क्यूईएमयू या साधनाच्या जोडीने ते चालते. सर्व काही मुक्तस्रोत, परवान्याचा प्रश्न नाही आणि वेग उत्तम. व्हर्च्युअल मशीन मॅनेजर किंवा बॉक्सेस या आज्ञावल्यांमुळे ते माउसनेही हाताळता येते. यूएसबीचे यंत्रही पाहुणीला देता येते. परंतु यजमान लिनक्सच हवा, आणि जुन्या विंडोजसाठी डिस्कचा प्रकार वगैरे काही गोष्टी हाताने निवडाव्या लागतात. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर आमची एक्सपी यातच सर्वांत चपळ चालली. पण तिला बसवण्यात आमचा वेळही सर्वांत जास्त गेला.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२० नंतरच्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर जुनी विंडोज थेट पाहुणी म्हणून चालत नाही. प्रोसेसरचीच भाषा वेगळी असल्याने तिचे संपूर्ण अनुकरण करावे लागते आणि वेग खूप घटतो. अशा कामासाठी इंटेल किंवा एएमडीचा साधा संगणकच बरा.

मग निवड कोणती? विंडोजचा संगणक, जुने यंत्र आणि प्रथमच वापर करणारी व्यक्ती असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सपासून सुरुवात करावी. त्यात पडदा किंवा यूएसबी अडले, तर व्हीएमवेअर पाहावे. विंडोज प्रोवर केवळ नवी लिनक्स शिकायची असेल, तर हायपर-व्ही पुरेसे आहे. संगणक कायमचा लिनक्सवर नेला असेल, तर केव्हीएम शिकण्याचे कष्ट घ्यावेत. हा शेवटचा मुद्दा आज अधिक महत्त्वाचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटी अनेक जुने संगणक पूर्ण करत नाहीत. ते भंगारात देण्याऐवजी लिनक्सवर चालवून गरजेपुरती विंडोज आत पाहुणी ठेवणे शक्य आहे.

बसवण्यापूर्वी

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे की बंद, हे दिसते. बंद असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते सुरू करावे. संगणकाची एकूण मेमरी ८ जीबी तरी असावी. एक्सपीला ५१२ एमबी पुरते. लिनक्स पाहुणीला २ जीबी आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी द्यावी लागते. यजमानाची निम्मी मेमरी तरी त्याच्याजवळ राहू द्यावी, अन्यथा दोघेही उपाशी राहतात. डिस्क एसएसडी असेल, तर फरक लगेच जाणवतो.

चार खबरदाऱ्या

पहिली परवान्याची. आभासी संगणकात बसवली, म्हणून विंडोज विनामूल्य होत नाही. तिलाही वैध परवाना लागतो. जुन्या संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्याच संगणकापुरता असतो.

दुसरी जाळ्याची. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या फटी उघड्याच आहेत. म्हणून पाहुणीची नेटवर्क जोडणी सेटिंगमधून बंद ठेवावी आणि फाइलींची देवाणघेवाण सामाईक फोल्डरमधून करावी. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून तुडतुडे वाढवू नयेत.

तिसरी स्नॅपशॉटची. पाहुणीची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवण्याची ही सोय फार उपयोगी आहे. काही बिघडले, तर मागे जाता येते. परंतु मागे जाताना मधले सर्व काम पुसले जाते. एका संध्याकाळी नोंदयंत्राची आज्ञावली अडकली म्हणून मी जुन्या स्नॅपशॉटवर परतले आणि दुपारभर दुरुस्त केलेल्या नोंदी गमावल्या. त्या पाहुणीच्या बाहेर नकलून ठेवलेल्या नव्हत्या. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले. पाहुणी बंद करून तिची संपूर्ण फाइल दुसऱ्या डिस्कवर नकलणे, हाच खरा बॅकअप.

चौथी सर्वांत महत्त्वाची. आभासी संगणक हा नोंदींचा कायमचा निवास नव्हे. पुढील पंधरा वर्षांत ही चार साधनेही बदलतील. म्हणून आज्ञावली सुरू झाल्याबरोबर सर्व नोंदी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात. सीएसव्ही कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रणालीत वाचता येते. मंदिराच्या भिंतीवरील देवनागरीसारखेच ते आहे. त्यासाठी वेगळा वाचक शोधावा लागत नाही.

आपल्या कार्यालयासाठी

विस्तार कार्यकर्त्यांनी आणि नोंदी ठेवणाऱ्या शेतकरी गटांनी येत्या उन्हाळ्यात पुढील कामे हाती घ्यावीत.

१. कपाटातील सीडी, पेन ड्राइव्ह व बंद संगणक यांची यादी करावी. कोणत्या वर्षांच्या, कोणत्या पिकाच्या नोंदी कशात आहेत, हे लिहावे.

२. फाइल प्रथम साध्या साधनाने उघडून पाहावी. रकान्यांचा अर्थ शंभर टक्के कळत नसेल, तर मूळ आज्ञावली आभासी संगणकात चालवून पडताळावी.

३. नोंदी भरणारे ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले असले, तरी त्यांना भेटावे. कोणते अंक कशासाठी वापरले, हे त्यांच्याकडून विचारून घ्यावे.

४. सीएसव्ही फाइलीबरोबर एक पान जोडावे. प्रत्येक रकाना कोणत्या किडीचा, मोजमापाचे एकक कोणते, सापळा कोठे होता आणि नोंद नसणे कसे दाखवले आहे, हे त्यावर स्पष्ट लिहावे. 'शून्य' आणि 'नोंद नाही' यांसाठी कधीही एकच चिन्ह वापरू नये.

५. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात.

तंजावरहून निघण्यापूर्वी आमची तुलना पूर्ण झाली नव्हती. वीज नसलेल्या रात्री वेगळ्या काढून सर्व आकडेमोड नव्याने करावी लागली आणि ते काम अजून चालू आहे. परंतु त्या फाइलींबरोबर आता खुणांच्या अर्थाचे एक पान आहे. पुढे ज्या कीटकशास्त्रज्ञाच्या हाती त्या पडतील, त्याला ९ चा अर्थ शोधण्यासाठी एक्सपीही लागणार नाही आणि मीही.